स्टोइक तत्त्वज्ञान रोजच्या जगण्यात कसे वापरावे : नागपूरच्या नवशिक्या वाचकांसाठी

स्टोइक तत्त्वज्ञानाची ओळख आजकाल बहुतेकांना मोबाइलवर फिरणाऱ्या सुविचारांतून होते आणि गफलतही तिथेच सुरू होते. कारण हे तत्त्वज्ञान वाचताक्षणी पटते, पण पटले म्हणून ते अंगी येत नाही. याचे जुने शिक्षक या बाबतीत कडक होते. एपिक्टेटस आपल्या विद्यार्थ्यांना म्हणत असे की, एखाद्या मल्लाला खांदे दाखवायला सांगितले आणि तो आपली वजनेच दाखवू लागला तर आपण त्याला हसू. अमुक ग्रंथ वाचून झाला असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याचीही तीच गत आहे. म्हणून या लेखात सिद्धांत लागेल तेवढाच घेतला आहे आणि सरावावर भर दिला आहे. नोकरी, धंदा, अभ्यास, घर यांत गुंतलेल्या आणि या विषयाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकाने कशापासून सुरुवात करावी, कोणत्या क्रमाने पुढे जावे आणि काय मुळीच करू नये, एवढेच येथे मांडायचे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सायप्रस बेटावरील किटियमचा झेनो अथेन्समध्ये, चित्रांनी सजवलेल्या एका सार्वजनिक ओसरीत शिकवू लागला आणि तेथून ही परंपरा सुरू झाली. पुढे ती रोमला पोहोचली. आज आपल्या हाती असलेले बहुतेक लेखन रोमन साम्राज्यातील तिघांचे आहे. सेनेका हा नीरो बादशहाचा शिक्षक आणि सल्लागार. त्याच बादशहाच्या हुकमावरून त्याला इ.स. ६५ मध्ये स्वतःचा जीव द्यावा लागला. एपिक्टेटस हा गुलामीत वाढलेला आणि पायाने अधू. त्याने स्वतः काही लिहिले नाही, त्याची शिकवणूक आरियन या विद्यार्थ्याने लिहून ठेवली. मार्कस ऑरेलियस हा इ.स. १६१ ते १८० या काळातील सम्राट. त्याने केवळ स्वतःसाठी टिपणे लिहिली. गुलामाला आणि सम्राटाला एकच पद्धत उपयोगी पडली ही गोष्ट नवशिक्याला धीर देणारी आहे. सेनेकाच्या अफाट संपत्तीवरून मात्र त्याच्या हयातीतच टीका होत असे, आणि ती अगदीच अनाठायी होती असे मला वाटत नाही.

या तिघांच्या शिकवणुकीचा गाभा असा, की माणसाचे खरे हित त्याच्या वागण्याच्या गुणवत्तेत आहे आणि ती गुणवत्ता विवेक, न्याय, धैर्य व संयम या चार गुणांनी मोजायची. आरोग्य, पैसा, नावलौकिक या गोष्टी हव्याशा आहेत, त्या मिळत असतील तर जरूर घ्याव्यात; परंतु त्या मिळाल्याने माणूस चांगला होत नाही आणि गेल्याने वाईट होत नाही. हे विधान लगेच मान्य करण्याची गरज नाही. सराव सुरू करण्यासाठी ते खरे असू शकेल एवढे धरून चालले तरी पुरते.

साधने म्हणून एक शंभर पानी वही आणि दिवसातील दोन ठरलेल्या वेळा लागतात : सकाळची पाच-सात मिनिटे आणि झोपण्यापूर्वीची दहा. मोबाइलपेक्षा कागद बरा, कारण टिपण लिहायला म्हणून मोबाइल हातात घेतला की अर्धा तास दुसरीकडेच जातो. पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच दिवशी सुरू करू नयेत. पहिल्या आठवड्यात फक्त पहिली पायरी करावी आणि ती हाताला वळली की पुढची घ्यावी.

पहिली पायरी : वाटणी

आरियनने एपिक्टेटसच्या शिकवणुकीतून 'एन्कायरिडियन' नावाची एक छोटी पुस्तिका तयार केली. तिची सुरुवातच या वाटणीने होते. काही गोष्टी आपल्या हाती असतात, काही नसतात. आपली मते, आपला कल, आपली इच्छा, आपला नकार या आपल्या हातातल्या. शरीर, मालमत्ता, लोकांचे आपल्याविषयीचे मत, अधिकारपद या हाताबाहेरच्या. शरीर दुसऱ्या यादीत पाहून नवे वाचक दचकतात. पण जेवण, झोप आणि व्यायाम आपण सांभाळतो, तरीही डेंग्यूचा डास आपल्याला विचारून चावत नाही.

सराव असा करावा. रात्री वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारावी, दिवसात मनाला लागलेली एकच गोष्ट वर लिहावी आणि तिचे जेवढे भाग पडतील तेवढे दोन रकान्यांत टाकावेत. समजा, डिसेंबर आहे, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू आहे, मोर्चा निघाला आहे आणि बर्डीकडे जाणारी वाहतूक व्हरायटी चौकाच्या अलीकडेच थांबली आहे. कार्यालयात दहाला पोहोचायचे होते. उजव्या रकान्यात जाईल : मोर्चा, पोलिसांचे कठडे, मागच्या गाडीचा हॉर्न, साहेबांची नाराजी. डाव्या रकान्यात जाईल : उशीर होणार हे वेळीच कळवणे, गाडीचे इंजिन बंद करणे, अधिवेशनाच्या दिवसांत घरून लवकर निघणे किंवा मेट्रोने जाणे, आणि थांबलो असताना आपण मनात मोर्चेकऱ्यांना कोणकोणती विशेषणे लावली ते आठवणे. ही शेवटची नोंद सर्वांत मोलाची असते. गडचिरोलीहून किंवा यवतमाळहून रात्रभर प्रवास करून आपली मागणी घेऊन आलेला माणूस 'माझा वेळ खातो आहे' हे चौकात दिसणारे तथ्य नव्हे. ते भाष्य आहे आणि ते आपण केलेले आहे.

काही गोष्टी मात्र धड या रकान्यात बसत नाहीत, धड त्या रकान्यात. परीक्षेचा निकाल, पीक, मुलाखत यांत आपला हात असतो, पण शेवट आपल्या हाती नसतो. अलीकडचे काही लेखक यासाठी 'थोडेफार हाती असलेल्या गोष्टी' असा तिसरा रकाना सुचवतात. माझ्या मते नवशिक्याने तो करू नये, कारण आळसाने सगळेच तिथे ढकलले जाते. त्याऐवजी गोष्टीचे आणखी तुकडे पाडावेत. काटोल-नरखेडकडील संत्रा बागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. बागेला वेळेवर ताण देणे, ताण तोडून पाणी सोडणे, डिंक्या रोगासाठी खोडाला बोर्डो मलम लावणे, फळपीक विमा वेळेत भरणे हे त्याचे काम. फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आणि कळमना बाजारातील त्या दिवसाचा भाव हे त्याचे काम नाही. रोमन लेखक सिसेरोने स्टोइकांची हीच भूमिका तिरंदाजाच्या उदाहरणाने सांगितली आहे : नेम नीट धरणे आणि बाण नीट सोडणे यात तिरंदाजाने काही कमी ठेवायचे नाही, आणि बाण लागलाच पाहिजे या गोष्टीवर आपले सुख टांगायचे नाही.

तेव्हा ध्येयांची भाषा बदलून लिहावी. एमपीएससीची तयारी करणाऱ्याने 'यंदा पद मिळवायचेच' याऐवजी 'रोज ठरलेले तास बसेन, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवेन आणि चुकलेले प्रश्न त्याच आठवड्यात पुन्हा करेन' असे लिहावे. दुसऱ्या वाक्यातली प्रत्येक गोष्ट संध्याकाळी तपासता येते. पहिले वाक्य फक्त निकालाच्या दिवशी तपासता येते आणि तोपर्यंत रोज जाळत राहते.

दुसरी पायरी : होकार देण्यापूर्वी थांबणे

सारी पद्धत या पायरीवर उभी आहे, म्हणून येथे घाई करू नये. स्टोइकांच्या मते एखादी घटना घडली की मनावर प्रथम एक ठसा उमटतो. त्या ठशात घटना असतेच, शिवाय तिच्यावरचा आपला अभिप्रायही मिसळलेला असतो. मग मन त्या ठशाला होकार देते किंवा देत नाही. राग, भीती, हाव या होकारानंतर येतात. माणसे घटनांनी अस्वस्थ होत नाहीत, घटनांविषयीच्या आपल्या मतांनी होतात, असे एपिक्टेटस म्हणतो ते या अर्थाने. आपल्याला पकडायची आहे ती ठसा आणि होकार यांमधली फट. ती सुरुवातीला दिसतच नाही, इतकी ती बारीक असते.

ती मोठी कशी करायची? एक नेहमीचे उदाहरण घेऊ. मे महिना आहे, पारा पंचेचाळीसच्या घरात आहे, आणि सकाळी नळाला करंगळीएवढी धार आहे. शेजारच्या घरातून टिल्लू पंपाचा आवाज येतो. मनावर उमटणारा ठसा असतो : 'हा माणूस आमच्या तोंडचे पाणी पळवतो, याला कुणाची पर्वा नाही, याला एकदा दाखवलेच पाहिजे.' येथे पहिले काम म्हणजे काहीच न करणे. सेनेकाने रागावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला आणि रागावरचा सर्वांत मोठा उपाय म्हणून विलंब सांगितला. नळ बंद करून आत जावे, कूलरमध्ये पाणी भरावे, चहा टाकावा. दुसरे काम म्हणजे घटना पंचनाम्याच्या भाषेत लिहिणे. पंचनाम्यात दार कशाने तुटले, कुलूप कुठे पडले होते हे येते. चोर किती नीच होता हे येत नाही. त्या भाषेत आपली नोंद एवढीच होईल : 'सकाळी साडेसहा वाजता धार बारीक होती. शेजारी पंप चालू होता.' बाकीची तिन्ही वाक्ये आपण जोडली होती. तिसरे काम म्हणजे या उघड्या नोंदीवरून पुढचे पाऊल ठरवणे. शेजाऱ्याशी शांतपणे बोलता येते. नळाच्या वाहिनीला थेट पंप जोडणे नियमबाह्य असल्याने तक्रारही करता येते. तक्रार करणे स्टोइक नाही असे कुणी समजू नये. फरक पडतो तो एवढाच, की तक्रारीत पंपाचा उल्लेख राहतो आणि शेजाऱ्याच्या सात पिढ्यांचा गळतो.

मार्कस ऑरेलियसने स्वतःला घालून दिलेला नियम येथे कामी येतो : अमुक माणूस तुझ्याविषयी वाईट बोलतो एवढेच तुला कळले आहे, त्यामुळे तुझे नुकसान झाले हे कळलेले नाही, ते तू वाढवले आहेस. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातील टोमणा वाचल्यावर, कार्यालयीन बैठकीत आपले बोलणे तोडले गेल्यावर, लग्नात आहेराच्या पाकिटावरून कुजबूज ऐकू आल्यावर हाच नियम लावून पाहावा. अशा वेळी एपिक्टेटसने सुचवलेले उत्तर तर फारच मजेशीर आहे : 'त्याला माझे बाकीचे दोष माहीत नसावेत, नाहीतर एवढ्यावर थांबला नसता.'

नवशिक्याची हमखास निराशा येथे होते. पंधरा दिवस सराव करूनही छातीत धडधडते, कान तापतात, आवाज चढतो, आणि मग 'हे आपल्याला जमणार नाही' असे वाटते. स्टोइकांनी या शंकेचे उत्तर देऊन ठेवले आहे. सेनेका रागाच्या तीन अवस्था सांगतो. पहिली आपोआप होते, अंगावर गार पाणी पडल्यावर शहारे यावेत तशी. तिच्यावर कुणाचाच ताबा नसतो आणि तिचा दोषही नाही. दुसरीत मन म्हणते, 'माझ्यावर अन्याय झाला, याला शिक्षा झाली पाहिजे'. येथे होकार देणे न देणे आपल्या हाती असते. तिसरीत लगाम सुटलेला असतो. ऑलस गेलियस या रोमन लेखकाने एका समुद्रप्रवासाची हकीकत लिहिली आहे. वादळात सापडलेल्या जहाजावर एक स्टोइक तत्त्वज्ञ होता आणि त्याचाही चेहरा इतरांसारखाच पांढराफटक पडला होता. वादळ शमल्यावर गेलियसने कारण विचारले, तेव्हा त्याने एपिक्टेटसच्या शिकवणुकीचा ग्रंथ काढून दाखवला : अचानक आलेल्या संकटाने शहाणा माणूसही क्षणभर हलतो, रंग उडतो, फक्त 'हे खरोखरच भयंकर आहे' या मताला तो मागाहून दुजोरा देत नाही. तेव्हा धडधड मोजू नये. धडधडीनंतर आपण काय बोललो, काय टाइप केले, दार कसे आपटले, एवढेच मोजावे.

आणि सरावासाठी प्रसंग लहान निवडावेत. एपिक्टेटस स्वतः सांडलेल्या तेलापासून आणि चोरीला गेलेल्या थोड्याशा मद्यापासून सुरुवात करायला सांगतो. त्याच्या घरातील लोखंडी दिवा चोरीला गेला तेव्हा त्याने दुसऱ्या दिवशी मातीचा आणायचे ठरवले आणि विषय संपवला. पोह्यांवर तर्री कमी पडली, ऑटोवाल्याने वीस रुपये जास्त मागितले, दुपारी दोनला वीज गेली, अशा प्रसंगांची नागपुरात वाण नाही. मृत्यू, घटस्फोट, कर्जबाजारीपणा यांवर पहिल्याच महिन्यात ही पद्धत चालवायला जाणे म्हणजे आखाड्यात उतरल्या दिवशीच मोठी कुस्ती मागणे होय.

तिसरी पायरी : सकाळची उजळणी

मार्कस ऑरेलियस सकाळी स्वतःला सांगत असे की, आज मला आगाऊ, कृतघ्न, उद्धट, मत्सरी माणसे भेटणार आहेत. तीही माझ्याच जातकुळीची माणसे आहेत आणि आम्ही एकत्र काम करण्यासाठी जन्मलो आहोत. यातला पहिला अर्धा भाग लोकांना फार आवडतो आणि दुसरा ते विसरतात. दुसरा नसेल तर ही उजळणी म्हणजे केवळ सकाळी सकाळी जगाला नावे ठेवणे होईल.

करायचे ते असे. दिवसातला सर्वांत अवघड वाटणारा एकच प्रसंग निवडावा आणि तो कसा कसा बिघडू शकतो हे दोन-तीन ओळींत लिहावे. एपिक्टेटस सार्वजनिक स्नानगृहाचे उदाहरण देतो : निघण्यापूर्वीच आठव की तिथे लोक पाणी उडवतात, धक्के देतात, शिव्या देतात, चोऱ्या करतात, आणि म्हण, मला स्नान करायचे आहे, शिवाय माझे वागणेही ठिकाणावर ठेवायचे आहे. दिवाळीच्या आदल्या रविवारी सीताबर्डीच्या मुख्य बाजारात मुलांसाठी कपडे घ्यायला जाणाऱ्या आई-वडिलांनी हेच करावे. गाडी लावायला जागा मिळणार नाही, हवे ते माप संपलेले असेल, मूल रडेल. 'मला कपडे घ्यायचे आहेत आणि मुलावर खेकसायचे नाही' अशी दुहेरी खरेदी ठरवून निघाल्यास कपडे मिळाले नाहीत तरी निम्मे काम साधलेले असते.

जोडीला एक अट घालावी. सेनेका म्हणतो की, शहाणा माणूस 'काही आडवे आले नाही तर मी समुद्रप्रवास करीन' अशा अटीवर बेत करतो. आपल्याकडे वडीलधारी माणसे 'सगळे नीट जमले तर परवा येतो' असे सहज म्हणतात. ते नुसते म्हणण्यापुरते न ठेवता खरे मानावे. उजळणी मात्र एका प्रसंगाच्या पुढे नेऊ नये. ज्यांना मुळातच काळजी करत बसण्याची सवय आहे, त्यांच्या बाबतीत वाईट कल्पनांची ही यादी वाढत जाते आणि औषधाचे विष होते. अशांनी ही पायरी महिनाभर पुढे ढकलली तरी चालेल.

चौथी पायरी : रात्रीची झडती

सेनेकाने ही पद्धत सेक्स्टियस नावाच्या तत्त्वज्ञाकडून घेतली. सेक्स्टियस झोपण्यापूर्वी स्वतःला विचारत असे : आज कोणती वाईट सवय बरी केलीस, कोणत्या दोषाला अडवलेस, कोणत्या बाबतीत सुधारलास? सेनेकाच्या घरात दिवा मालवला आणि पत्नी शांत झाली की तो आख्खा दिवस तपासत असे, स्वतःपासून काही लपवत नसे. त्याने दिलेले नमुने अगदी घरगुती आहेत : त्या वादात तू फार तावातावाने बोललास, त्या माणसाला तू गरजेपेक्षा जास्त सुनावलेस, त्यामुळे तो सुधारला नाही, फक्त दुखावला. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी तो स्वतःला सांगतो : पुन्हा असे करू नकोस, आता तुला क्षमा केली.

ही क्षमा वगळू नये. तिच्याशिवाय वही लवकरच स्वतःला झोडपण्याचे साधन बनते आणि पंधरा दिवसांत कपाटात जाते. नोंद कशी असावी याचा नमुना : 'दुपारी बिल भरण्याच्या रांगेत पुढे घुसलेल्या गृहस्थांना ओरडलो. रांगेची आठवण करून देणे योग्य होते, त्यांच्या कपड्यांवरून बोलणे अयोग्य होते. पुढच्या वेळी फक्त रांगेबद्दल बोलायचे. झाले गेले.' चार वाक्ये पुरेत. ज्या दिवशी लिहावेसे वाटत नाही, त्या दिवशी एकच लिहावे. बहुधा त्याच दिवशी लिहिण्याजोगे काहीतरी घडलेले असते.

मुद्दाम थोडक्यावर भागवणे

आपल्या मित्राला लिहिलेल्या एका पत्रात सेनेका सुचवतो की, अधूनमधून काही दिवस अगदी साधे, स्वस्त अन्न आणि जाडेभरडे कपडे यांवर काढावेत आणि स्वतःला विचारावे, 'मी भीत होतो ते हेच का?' महिन्यातून एखादा दिवस भाकरी, वरण आणि ठेच्यावर काढणे, गाडी घरी ठेवून शहराच्या 'आपली बस'ने जाणे, संध्याकाळनंतर मोबाइल बंद ठेवणे, यांपैकी काहीही चालेल.

नागपूरकरांना येथे एक इशारा आवश्यक आहे. सहनशक्ती वाढवण्याच्या नावाखाली नवतपात भर दुपारी डोक्याला दुपट्टा न बांधता, पाणी न पिता फिरणे हा सराव नव्हे. उष्माघाताने माणूस दगावतो, आणि आरोग्य हे स्टोइकांच्या हिशेबातही जपण्याजोगेच आहे. वृद्ध, गर्भवती स्त्रिया, मधुमेही यांनी उपासाचे प्रयोगही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

न्याय हा ऐच्छिक विषय नाही

या तत्त्वज्ञानाचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे 'आहे ते मुकाट्याने सोसा' असा त्याचा अर्थ लावणे. ज्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या शहरात तरी हा अर्थ कुणी ऐकून घेऊ नये. निकाल आपल्या हाती नाही याचा अर्थ कृती हाती नाही असा होत नाही. एपिक्टेटस हेल्विडियस प्रिस्कस या सिनेटरची गोष्ट सांगतो. सम्राट व्हेस्पाशियनने त्याला सभेला येऊ नकोस असे बजावले, तेव्हा तो म्हणाला, मला सिनेटमधून काढणे तुमच्या हाती आहे. पण जोवर मी सदस्य आहे तोवर मला यावे लागेल, आणि मत विचारले तर जे न्याय्य वाटते ते सांगावे लागेल. पुढे त्याला प्राण गमवावे लागले. त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे, की गुलामांना माणूस म्हणून वागवा असे सेनेकाने कळकळीने लिहिले, तरी गुलामगिरीच बंद करा अशी मागणी या मंडळींनी लावून धरली नाही. ती त्यांची मर्यादा होती. ती आपण उचलण्याचे कारण नाही.

रोजच्या पातळीवर न्यायाचा सराव हिरोक्लीस या स्टोइक लेखकाने सुचवला आहे. आपल्याभोवती वर्तुळे आहेत अशी कल्पना करावी : आतले स्वतःचे, मग घरच्यांचे, मग नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, शहराचे, आणि सर्वांत बाहेरचे साऱ्या मानवजातीचे. प्रत्येक बाहेरच्या वर्तुळातील माणसाला एक वर्तुळ आत ओढावे. चुलत भावाला भाऊ म्हणावे, काकांना वडिलांसारखे मानावे, असे तो सांगतो. नागपुरात ऑटोवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना 'भाऊ' म्हणण्याची रीत आहेच. आठवड्यातून एकदा वहीत तपासावे, की ज्यांना भाऊ म्हटले त्यांच्याशी घासाघीस करताना, त्यांना उन्हात थांबवताना, त्यांचे पैसे देताना आपण भावासारखे वागलो का.

हे साधन दुसऱ्यावर चालवू नये

नवा शिकलेला माणूस घरात धोकादायक असतो. बहीण नोकरी गेल्याने रडते आहे आणि हा तिला 'हे तुझ्या हाती नव्हते' म्हणून सांगतो. बायको दिवसभराच्या कामाने थकली आहे आणि हा 'ते तुझे मत आहे' म्हणतो. वाटणीची रेघ फक्त स्वतःच्या वहीत मारायची असते. एपिक्टेटसनेही शोकात असलेल्या माणसाशी सहानुभूतीने बोलायला, गरज पडल्यास त्याच्याबरोबर हळहळायला सांगितले आहे. सिद्धांतांवर चारचौघांत बोलू नकोस, मेंढ्या आपण किती गवत खाल्ले हे धनगराला दाखवत नाहीत, लोकर आणि दूध देतात, असेही त्याने बजावले आहे. घरच्यांना बदल दिसायचा असेल तर तो भांडी घासण्यात आणि आवाजाच्या पट्टीत दिसेल.

आणखी एक मर्यादा. अमेरिकेत १९५० च्या दशकात अल्बर्ट एलिस आणि पुढे ॲरन बेक यांनी ज्या मानसोपचार पद्धती उभ्या केल्या, त्यांच्यावर स्टोइक विचारांचा प्रभाव होता. पण म्हणून वही ही उपचाराची जागा घेत नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे किंवा 'टेलिमानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. मदत मागण्यात कोणत्याही स्टोइक गुणाचा भंग होत नाही.

वाचनाचा क्रम

बहुतेकजण मार्कस ऑरेलियसपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, कारण ती स्वतःसाठी लिहिलेली तुटक टिपणे आहेत आणि त्यांमागचे शिक्षण वाचकाला आहे असे त्यांत गृहीत धरलेले आहे. प्रथम 'एन्कायरिडियन' घ्यावी. तिची ५३ छोटी प्रकरणे आहेत आणि दिवसाला एक पुरते. तिच्या आरंभीच मुलाचे चुंबन घेताना तो मर्त्य आहे हे आठवण्याचा उपदेश येतो. नवशिक्याने आणि विशेषतः लहान मुले असलेल्यांनी तो भाग तूर्त ओलांडून पुढे जावे, तो पहिल्या वर्षाचा अभ्यास नव्हे. नंतर सेनेकाची पत्रे. उपलब्ध १२४ पत्रांपैकी कोणतेही उघडून वाचता येते. त्यातल्या एका पत्रात तो स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राहत असतानाच्या गोंगाटाचे वर्णन करतो, आणि लग्नसराईत मंगल कार्यालयाशेजारी राहणाऱ्या कुणालाही ते ओळखीचे वाटेल.

मार्कस ऑरेलियस यानंतर. त्याच्या टिपणांचा पहिला भाग बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे : आजोबा, आई, शिक्षक, दत्तक वडील अशा एकेका माणसाकडून आपण काय शिकलो याची ती यादी आहे. तशीच यादी आपल्या वहीच्या मागच्या पानांवर करावी. नावापुढे 'फार चांगला माणूस' असे न लिहिता त्यांची नेमकी कोणती सवय आपण घेतली, किंवा घ्यायची राहिली, ते लिहावे; आणि त्यांपैकी जे हयात आहेत त्यांना, जमल्यास, ते सांगावेही.